पासलीचं ऊन, पुण्याचा गॉगल

पुण्याहून सकाळी पासलीला निघून संध्याकाळी परतणाऱ्या माणसाला गॉगलची काही गरज नाही. हे माझं मत नाही, भूगोल आहे. चेलाडी फाट्यावर सातारा रस्ता सोडला की नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर, वेल्हे असा रस्ता माणसाला मावळतीकडंच ओढत नेतो. वेल्ह्याच्या पुढं भट्टी-पासलीकडं जाताना तो जरा दक्षिणेला कलतो, तेवढंच. म्हणजे सकाळी जाताना सूर्य पाठीशी. संध्याकाळी परतताना तोंड उगवतीला आणि सूर्य मावळतीला, म्हणजे पुन्हा पाठीशीच. या माणसाच्या डोळ्यांत बघायचं सूर्यानं ठरवलं तरी त्याला ते जमण्यासारखं नाही. फार तर मान भाजेल. तरीही श्रावणातल्या रविवारी या रस्त्यावर उघड्या डोळ्यांचा पुणेकर सापडणं मुश्कील.

आता उलट बघा. पासलीचा जो पोरगा रोज सकाळी दुचाकीला किक मारून नसरापूरकडं कामाला जातो, त्याच्या डोळ्यांत जाताना उगवता सूर्य आणि येताना मावळता. त्यातच समोरून हॉर्न वाजवत येणाऱ्या पुणेकरांच्या गाड्यांच्या काचा चकाकत असतात, त्या वेगळ्याच. गॉगलची खरी गरज त्याला आहे. तो एक डोळा मिटून, दुसरा किलकिला करून, वरून हाताचा आडोसा धरून जातो. त्याच्याकडं गॉगल नाही असं नाही. आहे, पण तो लग्नात घेतलेला आहे आणि कपाटात डबीत आहे.

थोडक्यात, या रस्त्यावर गॉगल कोणी घालायचा हे ऊन ठरवत नाही.

पासलीच्या बाजूला काळा चष्मा घालायला मुळात काही तरी कारण लागतं. तालुक्याचं नाव आता राजगड झालं, बोलताना लोक अजून वेल्हेच म्हणतात, आणि काळ्या चष्म्याची कारणंही त्यांनी जुनीच ठेवली आहेत. ती तीन. पहिलं कारण डोळे येणं. २०२३च्या पावसाळ्यात आळंदीकडून डोळ्यांची साथ सुरू झाली आणि बघता बघता जिल्हाभर पसरली. तेव्हा गावोगाव काळे चष्मे निघाले. डोळे आलेल्याच्या डोळ्यांत बघितलं की आपलेही येतात, अशी पक्की समजूत. प्रत्यक्षात साथ नजरेनं नाही, हातानं पसरते. टॉवेल, रुमाल, फोन यांच्यावरून डोळ्यापर्यंत पोचते. काळ्या काचेनं दुखऱ्या डोळ्याला उजेड कमी लागतो आणि डोळा चोळायचा राहतो, एवढाच तिचा उपयोग. पण समजूत समजूत असते. त्यामुळं आभाळ गच्च भरलेलं असताना काळा गॉगल लावून गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्याकडं टपरीवरच्या मावशी आधी काळजीनं बघतात.

“डोळं आल्यात व्हय, दादा?”

“नाही हो मावशी.”

“मग जरा लांबच हुबं ऱ्हावा. पोरं हायती घरात.”

आपला गॉगल पाच हजारांचा आहे हे इथं सांगायची सोय नसते. सांगितलं तर मावशी डोळ्यांबरोबर डोक्याचीही चौकशी करतील.

दुसरं कारण मोतीबिंदू. सरकारचा अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. तेव्हापासून शिबिराच्या गाडीतून जाणं, ऑपरेशन होणं आणि काळा चष्मा लावून परत येणं हा आबा-आजींच्या आयुष्यातला एक सोहळाच झाला आहे. हा चष्मा फुकट मिळतो. चेहऱ्याच्या मानानं भलता मोठा असतो आणि कानशिलापर्यंत वळलेला असतो. डॉक्टरांनी थोडे दिवस घाला म्हणून सांगितलेला असतो, पण आबा तो सोडत नाहीत. ग्रामसभेला लावतात, बाजाराला लावतात, आणि तो लावून कोणाकडं बघतायत हे कोणाला कळत नसल्यामुळं ग्रामसभेत त्यांचा दरारा वाढतो. पूर्वी तमिळनाडूत एमजीआर आणि करुणानिधी काळ्या चष्म्यांतून एकमेकांकडं बघत, त्या राजकारणाचं मर्म आबांना एका शिबिरात कळलेलं असतं.

तिसरं कारण लग्न. नवरदेव परण्या निघतो तेव्हा डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या आणि त्यांच्या मागं गॉगल. मारुतीच्या देवळापर्यंत जायचं आणि यायचं. परण्या दुपारी निघते तोवर ठीक आहे. पण संध्याकाळची वरात रात्री अकराला निघाली तरी गॉगल डोळ्यांवरच असतो. पुढं डीजेचे दिवे, मागं जनरेटर, आणि मध्ये काही एक दिसत नसलेला नवरदेव घोड्यावर. घोड्याला रस्ता दिसतो म्हणून संसार सुरळीत सुरू होतो. बदलत्या उजेडात गॉगल कसा वापरू नये याचा एवढा ठळक नमुना दुसरा नसेल, पण त्या दिवशी नवरदेवाला काही शिकवायला जाऊ नये. पुढं शिकवायला माणसं आहेतच.

या तिन्ही कारणांत एक प्रामाणिकपणा आहे. आपण काळा चष्मा का लावला हे प्रत्येकाला माहीत आहे. घोटाळा होतो तो चौथ्या प्रकारात, म्हणजे आमच्या पुणेकरांच्या ‘आउटडोअर’ गॉगलमध्ये.

त्याची सुरुवात खरेदीपासून होते. डेक्कनवरची हाँगकाँग लेन असो, फर्ग्युसन रस्त्याचा फुटपाथ असो की वातानुकूलित दुकान असो, गॉगल घेणारा माणूस एकच गोष्ट करतो. गॉगल लावतो आणि आरशात बघतो. मान डावीकडं, मान उजवीकडं, हनुवटी वर. मग बरोबर आलेल्या माणसाकडं वळून “कसा दिसतोय?” आपल्याला यातून कसं दिसतंय हा प्रश्न त्या अर्ध्या तासात कोणाच्या मनात येत नाही. रस्त्याकडं तोंड करून, झाडाच्या सावलीत बघून, मग उन्हात बघून गॉगल घेणारा एखादा निघालाच, तर विक्रेता त्याला गिऱ्हाईक समजत नाही, इन्स्पेक्टर समजतो.

विक्रेत्याकडं दोन शास्त्रीय प्रयोग तयार असतात. एक, जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी. ती तो एका कार्डावर मारतो, मध्ये गॉगल धरतो आणि कार्डावरचा डाग दिसेनासा होतो. “बघा सर, यूव्ही चारशे.” म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण काच अडवते. ही गोष्ट चांगलीच आहे. गंमत एवढीच, की हे काम काचेच्या काळेपणावर अवलंबून नसतं. साध्या पांढऱ्या पॉलिकार्बोनेटच्या काचाही बहुतेक सगळं अतिनील अडवतात. उलट नुसती काळी आणि अतिनील न अडवणारी काच जास्त वाईट, कारण अंधार झाला असं समजून बाहुली मोठी होते आणि नको ते किरण जास्त आत घेते. दुसरा प्रयोग माशाचा. एक चित्र असतं, साध्या डोळ्यांनी त्यात नुसती नदी दिसते. पोलराइज्ड गॉगल लावला की नदीत मासा दिसतो. गिऱ्हाईक लहान मुलासारखं हरखतं आणि पैसे देतं. पासलीला कोणी त्या चित्रातली नदी बघायला जाणार नसतं, पण मासा दिसला म्हणजे दिसला.

जी खरी कामाची माहिती असते ती गॉगलच्या काडीवर आतल्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात असते. शून्य ते चार यांपैकी एक आकडा. शून्य म्हणजे जवळजवळ पांढरी काच. एक म्हणजे फिकट. दोन नंबरची काच साधारण १८ ते ४३ टक्के उजेड आत सोडते. तीन नंबरची ८ ते १८ टक्के. चार नंबरची फक्त ३ ते ८ टक्के, आणि ती लावून गाडी चालवायची नाही असा नियमच आहे. चार नंबर बर्फासाठी. २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक एका मोहिमेत एव्हरेस्टवर पोचले. तिथं असली काळीकुट्ट, बाजूनं झाकलेली काच नसती तर बर्फावरून परतणाऱ्या उजेडानं डोळे गेले असते. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर. तोरणा १,४०३ मीटर. मधल्या साडेसात हजार मीटरमध्ये बर्फ लागतं, पण ही बारीक गोष्ट आमच्या दादांच्या लक्षात येत नाही. ते चार नंबर लावून श्रावणात केळदच्या रस्त्याला लागतात.

तोवर वाटेत कात्रजचा बोगदा येतो. गॉगलची पहिली परीक्षा तिथंच होते. भर उन्हातून एकदम बोगद्यात शिरलं की गाडीतले सगळे हात एका वेळी वर जातात आणि सगळे गॉगल कपाळावर चढतात. बोगदा संपला की खाली. हेल्मेटवाल्याची अडचण मोठी असते. काळा गॉगल, त्यावर हेल्मेटची काळी काच, खाली तोंडाला रुमाल. त्याला बोगद्यात गॉगल काढता येत नाही, फक्त देव आठवता येतो. डोळ्याची बाहुली आपलं काम झटपट करते, दोनेक मिलिमीटरची सात-आठ मिलिमीटर होते. पण आतला पडदा सरकारी गतीनं चालतो. उजेडातून अंधारात गेल्यावर तो पुरता सरावायला अर्धा तासही घेतो. त्या अर्ध्या तासात माणूस बोगदा ओलांडून पुढच्या टोलनाक्यावर पैसे भरत असतो.

तरी हे सगळं परवडलं, कारण बोगदा एकच आहे. पासलीला पोचल्यावर दर दहा मिनिटांनी बोगदा लागतो.

श्रावणातल्या पासलीचा उजेड ज्यानं पाहिला नाही त्याला मी काय म्हणतो ते कळणार नाही. अकरा वाजलेत. ऊन असं पडलेलं की भातखाचरांतल्या पाण्याकडं बघवत नाही. पोपटी भात, मध्ये पाण्याच्या चकाकत्या पट्ट्या, बांधावर एक बगळा आणि तो पांढरा आहे हेही सहन होत नाही. तेवढ्यात केळदच्या खिंडीकडून एक ढग कोणाला न विचारता आत येतो. आधी बुधला माची जाते, मग अख्खा तोरणा जातो, मग समोरचं घर जातं आणि शेवटी आपल्या हातातला चहाचा पेला धूसर होतो. भर उन्हाचा उजेड मोजला तर साधारण १ लाख लक्स भरतो. दाट ढगाखाली तो एक-दोन हजारांवर येतो. बँकेत कोणाची एवढी पडझड झाली तर पेपरात बातमी येते. इथं ती होते, मावशी भजी तळत असतात आणि पाच मिनिटांत ऊन परत जागेवर येतं. ढगातून बाहेर यावं तर पुढं आंबा-जांभळांची दाट सावली. सावलीतून बाहेर यावं तर पाऊस. पावसात ऊन. आणि या सगळ्यात काचेवर थेंब, थेंब पुसायला ओला टीशर्ट.

असल्या ठिकाणी कुठला गॉगल चालेल? इथं येणारे सगळे आपापल्या परीनं याचं उत्तर देत असतात. टपरीवर शांत बसलं की ती उत्तरं एकेक करून समोर येतात.

पहिले येतात रंग बदलणाऱ्या काचेचे काका. यांच्या पिढीत त्याला फोटोसन म्हणतात. उन्हात काळी, घरात पांढरी. एकाच चष्म्यात दोन चष्मे, म्हणून काकांना ही काच तत्त्वतः पसंत. कॉर्निंग या अमेरिकी कंपनीतल्या स्टूकी आणि आर्मिस्टेड या संशोधकांनी १९६०च्या दशकात ही काच तयार केली. काचेत चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण असायचे. अतिनील किरण पडले की चांदी सुटी होऊन काच काळवंडायची, सावलीत पुन्हा जुळून साफ व्हायची. आता प्लास्टिकच्या काचांत चांदीऐवजी वेगळी रसायनं असतात, पण स्वभाव तोच. आणि स्वभावातच घोळ आहे. ही काच उजेड बघत नाही, अतिनील बघते. गाडीच्या पुढच्या काचेतून अतिनील आत येत नाही. म्हणून गाडी चालवताना, ऊन डोळ्यांत जात असताना, काकांची काच पांढरीशुभ्र. काका चरफडत केळदच्या वर येऊन उतरतात. मढे घाटावर धुकं. पण धुक्यातून आणि पातळ ढगांतून अतिनील बऱ्यापैकी येतं, आणि हवा गार असली की ही काच आणखी काळी होते. म्हणजे जिथं हात पुढं केला तर बोटं दिसत नाहीत, तिथं काकांची काच काळीभोर. समोर लक्ष्मी धबधबा कोसळतोय, आवाज येतोय, पाणी अंगावर उडतंय, पण काकांना वाटतं कोणी तरी मोठा नळ सोडलाय. मग ते टपरीत येतात. गारव्यात काच साफ व्हायलाही वेळ घेते. पहिला चहा त्यांना दिसत नाही, दुसरा अंधूक दिसतो. काच पांढरी झाल्यावर समोर मावशी दिसतात आणि मागोमाग बिलही दिसतं.

एप्रिलात यावं म्हटलं तर तेव्हा उलटं. उष्णतेनं काच पुरेशी काळीच होत नाही. एवढी हटवादी वस्तू काकांनी पैसे देऊन का घेतली असेल, असं वाटतं. पण काकूंशी थोडं बोललं की लक्षात येतं, काकांना सवय आहे.

दुसरे येतात पोलराइज्ड दादा. चित्रातला मासा ज्यांना दिसला होता ते. पाण्यावरून, ओल्या डांबरावरून, सपाट पृष्ठभागावरून परतणारा उजेड बराचसा आडव्या दिशेनं थरथरत येतो. पोलराइज्ड काच फक्त उभा उजेड आत सोडते, आडव्याला दारातूनच परत पाठवते. एडविन लँड या अमेरिकी तरुणानं १९२९ साली असल्या पारदर्शक पडद्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढं त्याच्यातून पोलरॉइड कंपनी उभी राहिली. पासलीच्या खाचरांवर ही काच खरोखर जादू करते. चकाकी एकदम नाहीशी होते आणि पाण्याखालचा चिखल, भाताच्या चुडाची मुळं, बिळाच्या तोंडाशी बसलेला खेकडा स्पष्ट दिसतो. दादांना आनंद होतो. “अरे, खेकडा!” बांधावरचा शेतकरी त्यांच्याकडं बघतो. त्याला तो खेकडा सकाळपासून माहीत आहे. रात्री बॅटरी घेऊन त्याला कुठून उचलायचा हेही ठरलेलं आहे.

दादांची अडचण पुढं होते. ओल्या कातळावर शेवाळाची जी चकाकी असते ती म्हणजे सह्याद्रीनं लावलेली धोक्याची पाटी. गावचा माणूस चमकणाऱ्या दगडावर पाय टाकत नाही. दादांच्या काचेतून चकाकी गेलेली असते, सगळे दगड कोरडे आणि समजूतदार दिसतात. मग दादा ज्या दगडावर पाय ठेवायचा त्यावर बूड ठेवतात. उठून फोटो काढायला फोन आडवा धरावा तर पडदा काळा. फोनच्या पडद्याचा उजेडही पोलराइज्डच असतो. फोन फिरवला की एका कोनात तो गुल होतो. दादा फोन पाण्यात गेला म्हणून हळहळतात, गॉगल डोक्यावर चढवून बघतात तर फोन ठणठणीत. मित्र हसतात. तोवर ऊन गेलेलं असतं.

तिसरा प्रकार दीडशे रुपयांच्या आरसा-काचेचा. निळा, नारिंगी, इंद्रधनुषी. यात घालणाऱ्याला फारसं काही दिसत नाही, पण समोरच्याला स्वतःचा चेहरा दिसतो, त्यामुळं तो समाजोपयोगी आहे. टपरीवर मावशींची नात असल्या गॉगलवाल्यासमोर उभी राहून त्याच्या काचेत बघून टिकली नीट करते. त्याला वाटतं, आपल्याकडं बघतेय.

चौथे आबा. मोतीबिंदूचे. ते कुठं जात नाहीत, टपरीच्या बाकावर बसलेले असतात. पण माझ्या मते या सगळ्यांत शहाणा चष्मा त्यांचाच आहे. उजेड काही फक्त समोरून येत नाही. तो वरून येतो, बाजूनं येतो, पाण्यावरून उडून खालून येतो. शहरी गॉगलच्या बाजूला बोटभर फट असते. समोर काळोख आणि कडेनं चकाकी असा दुहेरी त्रास. आबांच्या फुकटच्या चष्म्याला बाजूच्या भिंती आहेत, वर छपरी आहे. हिमालयात जाणारे बाजूनं झाकलेल्या गॉगलला हजारो रुपये मोजतात. आबांना तो शिबिरात मिळाला, वर जाण्या-येण्याची गाडी आणि केळं. ध्रुवाकडच्या इन्यूइट लोकांनी तर काचेचा विचारच केला नाही. लाकडाला किंवा हाडाला एक बारीक आडवी चीर पाडायची आणि ते डोळ्यांवर बांधायचं. बर्फावरचा उजेड आपोआप कमी. चीर पुसायला लागत नाही, तिच्यावर वाफ धरत नाही, तिला अतिनीलचं प्रमाणपत्र लागत नाही. किलकिल्या डोळ्यांनी नसरापूरला जाणारा पासलीचा पोरगा त्याच तत्त्वावर चालतो, फक्त चीर त्याची स्वतःची आहे.

बदलत्या उजेडात गॉगलचा खरा प्रश्न तो घालायचा कधी हा नसतोच. काढल्यावर ठेवायचा कुठं हा असतो. ढग आला की गॉगल काढावा लागतो आणि तिथून त्याची भटकंती सुरू होते. पहिली जागा डोक्यावर. तिथं तो केसांचं तेल खातो आणि पुन्हा डोळ्यांवर आला की सगळा तोरणा तेलकट दिसतो. दुसरी जागा गळ्यात, टीशर्टच्या कॉलरला. वाकून बुटाची नाडी बांधली की तिथून थेट खाचरात. तिसरी टोपीच्या मागच्या बाजूला. यांना मागून बघितलं की ते आपल्याकडंच बघतायत असं वाटतं आणि आपण उगाच नमस्कार करतो. चौथी जागा तोंडात, काडी दातांत धरून. हे विचारवंत. पाचवी पँटच्या मागच्या खिशात. हे आशावादी, आणि यांचा गॉगल बाकावर बसेपर्यंतच टिकतो. गॉगलबरोबर आलेली डबी घरी असते, कारण डबी बरोबर घेतली तर ती कुठं ठेवायची हा नवा प्रश्न.

ज्यांना उपदेशाशिवाय चैन पडत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगून टाकतो. श्रावणात वेल्ह्याच्या पुढं यायचं तर दोन नंबरची तपकिरी काच बरी. ढगाळ उजेडात ती चढ-उतार आणि खड्डे उठावदार दाखवते. करडी काच रंग जसेच्या तसे ठेवते, सिग्नल ओळखायला ती चांगली, पण वेल्ह्याच्या पुढं सिग्नल नाही, म्हशी आहेत, आणि म्हशी कुठल्याही काचेतून काळ्याच दिसतात. एप्रिल-मे मध्ये तोरण्याच्या झुंजार माचीवर उभं राहायचं असेल तर तीन नंबर घ्यावी. उंचीवर अतिनील थोडं वाढतं, दर हजार मीटरला दहा-बारा टक्के. अतिनील अडवणारी काच बाराही महिने, कारण ढगाला ते कळत नाही. डोक्यावर कपाळ झाकणारी टोपी हवी. निम्मा गॉगल तिथंच होतो. गॉगलला गळ्यात अडकवायची दोरी लावावी. दोरी लावली की आपण निवृत्त शिक्षक दिसतो ही तक्रार खरी आहे, पण निवृत्त शिक्षकांचे चष्मे हरवत नाहीत.

ज्यांचे हरवतात त्यांची सोय मावशींनी केली आहे. टपरीच्या पुढच्या बांबूला त्यांनी एक सुतळी बांधली आहे आणि तिला विसरून गेलेले गॉगल टांगलेत. विमानवाल्यांचे असतात तसे, गोल, चौकोनी, आरशाचे, एक लहान मुलाचा गुलाबी, एक मोडक्या काडीला रबर लावलेला. मी विचारलं, एवढे कसे काय राहतात? मावशींनी कढईतून मान वर केली नाही.

“उन्हात कुणी इसरत न्हाई. ढग आला की काढत्यात, भजी खात्यात आन् तसंच जात्यात. पुन्यात गेल्यावर ऊन पडलं की आठवत असंल.”

“मागायला येत नाहीत?”

“कुठं काढला ते ठावं असंल तर येतील की. दहा ठिकाणी काढत्यात.”

तेवढ्यात एक घोळका आला. त्यातल्या एकाचा गॉगल त्याच दिवशी मागच्या खिशात बसून शहीद झालेला. त्यानं सुतळीवरचे गॉगल न्याहाळले, विमानवाला निवडला, मावशींना विचारून उतरवला आणि डोळ्यांवर चढवला. मान डावीकडं, मान उजवीकडं, हनुवटी वर.

“मावशी, आरसा आहे का?”

“आरसा कशाला? समोर तोरणा दिसतुय का बघा.”

त्यानं समोर बघितलं. ढग आत्ताच खाली उतरला होता.

“नाही दिसत.”

“मग गॉगलात खोट न्हाई. आमालाबी दिसंना,” मावशी म्हणाल्या. “घाला बिनघोर. आन् भजी किती प्लेट?”